आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही

धाकट्या चुलतभावाच्या पाचवीच्या रात्री आजीनं पाटा-वरवंटा धुऊन भिंतीशी मांडला. हळदी-कुंकवाची बोटं ओढली, पानावर भात वाढला, बाळंतिणीच्या उशाला कोयता सरकवला. श्रावण होता, पत्र्यावर पाऊस वाजत होता. सगळं झाल्यावर तिनं आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, वहीतलं एक कोरं पान फाडून घेतलं आणि त्यावर पेन आडवा ठेवला. त्या रात्री सटवाई येणार होती आणि बाळाच्या नशिबात काय आहे ते लिहून जाणार होती. दिवा विझू द्यायचा नव्हता म्हणून आजी बसून राहिली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून जागायचं ठरवलं आणि झोपलो.

सकाळी उठून आधी ते पान पाहिलं. कोरंच होतं.

"हिनं काहीच लिव्हलं न्हाई."

"लिव्हलंय की."

"कुठं?"

"त्याच्या कपाळावर."

मी झोळीत वाकून पाहिलं. लालसर, सुरकुतलेलं कपाळ, त्यावर काजळाची तीट. मग खुंटीवरचा आरसा काढून माझं पाहिलं.

"मपल्यावर तर काहीच दिसत न्हाई."

"आपलं कपाळ आपल्याला दिसत नसतंय, लेकरा," आजी म्हणाली आणि पाटा उचलून आत घेऊन गेली.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. आता पन्नाशी ओलांडली आहे. माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, हाताला लागतील ती पुस्तकं वाचतो. माणूस स्वतःला का ओळखू शकत नाही, यावर मोठ्या मोठ्या लोकांनी लिहिलेलं वाचलं, आणि दर वेळी पाटा उचलणारी आजी डोळ्यांपुढे आली.

चकलांबा हे गेवराई तालुक्यातलं गाव. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला एवढं सांगितलं तरी पुरे, की दसरा झाला की आमच्याकडची घरंच्या घरं कुलूप लावून निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला सांगली-कोल्हापूरकडे नाही तर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे तोड, मग मोळ्या बांधून गाडी भरायची. कारखान्याचा पट्टा पडला की परत. म्हणजे साधारण पाडवा. आता मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघतात. माझ्या लहानपणी दोनच वाटा होत्या. हाताशी यायच्या वयाचं मूल बरोबर न्यायचं, त्याहून लहान असेल तर म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवायचं. माझा जन्म १९७४ चा. १९७८ च्या दसऱ्यानंतर आक्का आईवडिलांबरोबर गेली, मी आजीजवळ राहिलो. पुढची सहा वर्षं हेच.

आजीला मी 'आई' म्हणत असे आणि आईला 'बाई'. आमच्याकडे पुष्कळ घरांत असंच म्हणतात. सगळे आजीला आई म्हणतात म्हणून पोरंही म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पाडव्याच्या सुमाराला एक काळवंडलेली, उसाच्या पात्यांनी हात चिरलेली बाई दारात यायची, बोचकं खाली ठेवायची आणि माझ्याकडे हात करायची. मी आजीच्या लुगड्यामागे लपायचो. आजी मला पुढे ढकलायची. दोन-तीन दिवसांनी मी त्या बाईजवळ जायचो.

१९९१ साली आजी गेली. दहाव्याला आम्ही राक्षसभुवनला गोदावरीच्या काठावर गेलो. पिंड मांडले, आणि कावळा शिवेना. झाडावर चार कावळे होते, खाली एकही उतरत नव्हता. भटजींनी नेहमीप्रमाणे सांगितलं, तिची काही इच्छा राहिली असेल, कबूल करा. चुलते म्हणाले, वावर विकणार नाही. वडील म्हणाले, धाकटीचं लग्न नीट लावून देऊ. कुणी म्हणालं, पंढरीची वारी राहिली होती, ती करू. आई सगळ्यांच्या मागे उभी होती. तिचे ओठ हलले, एवढं मी पाहिलं. मग कावळा उतरला. तिथं नदीकाठी उभं राहून आमचं सगळं घर एका मेलेल्या म्हातारीच्या मनात काय अडकलं असेल ते शोधत होतं आणि प्रत्येक जण स्वतःच्याच मनातलं बाहेर काढत होता, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

माझ्या घशात अडकणारा गोळा मात्र त्याच्या आधीपासून होता. २०१७ साली तो इतका वाढला की घास उतरेना. पाणी जायचं, भाकरी जायची नाही. औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) जाऊन घशात दुर्बीण घालून तपासलं. घसा स्वच्छ, अन्ननलिका स्वच्छ. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "दरवर्षी याच दिवसांत होतं तुम्हाला. दसरा झाला की सुरू, दिवाळी झाली की कमी." मी चिडलो. मग हिशेब केला. ती म्हणत होती ते खरं होतं. वीस वर्षं माझ्या समोर बसून जेवणाऱ्या बाईला ते दिसलं होतं, मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. आमच्या भागात अशा डॉक्टरला काय म्हणतात ते सांगायला नको. मी चार दिवस कुणाला न सांगता विचार केला आणि गेलो. त्या बाई मनोविश्लेषक नव्हत्या, खोलीत झोपायचा कोचही नव्हता, दोन साध्या खुर्च्या होत्या. पण शनिवारचा एक तास त्या मला देत आणि त्या तासात त्यांची नजर घड्याळाकडे जात नसे. दुसऱ्या शनिवारी त्यांनी विचारलं, "दसऱ्याला तुमच्या गावात काय काय होतं?" मी रंगून सांगितलं. घट उठवणं, सीमोल्लंघन, आपट्याची पानं, थोरामोठ्यांच्या पाया पडायला घरोघर जाणं. वीसेक मिनिटं बोललो असेन.

"आणि दुसऱ्या दिवशी?" त्या म्हणाल्या.

मला उत्तर देता येईना. ट्रक, मुकादम, बोचकी, कोयते, गावातली सगळ्यात मोठी घटना मी गाळली होती. विसरलो नव्हतो. वर्गात मुलांना ऊसतोडीवर निबंध लिहायला देणारा माणूस मी. तरीही गाळली.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या गोष्टीला अबोध मन, अचेतन मन, सुप्त मन असे बरेच शब्द आहेत. मला 'नेणीव' जवळचा वाटतो. जाणीव आणि नेणीव ही जोडी ज्ञानदेवांच्या हरिपाठात आहे आणि आजी रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची, म्हणून तो कानावरचा शब्द आहे. तिथला अर्थ वेगळा आहे हे मला मान्य आहे. पण शब्दाची घडण पाहा. जुन्या मराठीत 'नेणणे' हे क्रियापद आहे. न जाणणे हीसुद्धा एक क्रिया. माणूस ती करतो. अंधारात पडलेल्या वस्तूसारखं मनात काहीतरी आपोआप पडून राहत नाही. कुणीतरी ते रोज नेणत असतं, त्याला बळ लागतं. सिग्मंड फ्रॉइडनं दमनाबद्दल जे सांगितलं त्याचा गाभा माझ्या समजुतीनं हाच आहे. वीस मिनिटं मी सीमोल्लंघनाची हकिकत सांगत होतो तेव्हा मी नेणण्याचं काम करत होतो, आणि दमत होतो.

फ्रॉइड आणि योझेफ ब्रॉयर यांचं उन्मादावरचं पुस्तक १८९५ चं. त्यात ब्रॉयरची एक तरुण रुग्ण आहे, पुस्तकात तिचं नाव ॲना ओ. तहान लागलेली असूनही तिला पाणी पिता येईना. पेला ओठाला लागला की ती दूर सारायची. कित्येक आठवडे तिनं फळांवर काढले. मग एकदा बोलता बोलता तिला आठवलं की घरातल्या सोबतिणीचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिनं पाहिला होता आणि सभ्यपणापायी ती काही बोलली नव्हती. ते सांगितलं आणि ती पाणी प्यायली. हे वाचून मला वाटलं, माझा कुत्रा सापडला की मीही भाकरी खाईन. डॉक्टर बाईंनीच मला सावध केलं. ॲना ओ. त्यानंतर लगेच बरी झाली नव्हती, तिला पुढेही रुग्णालयात राहावं लागलं होतं. गोष्ट जितकी चटकन सुटते तितकी माणसं सुटत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

तरी मी आईला विचारलं. ती तेव्हा सत्तरीच्या पुढे होती, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"तू चार वर्साचा," ती म्हणाली. "तुपली आजी तुला दूध-भाकर भरवीत होती. तू बघितलं आस्तं तर ट्रकामागं पळाला आस्तास. मनून आम्ही मागल्या दारानं निघालो. तुला म्हणलं होतं, बाजारला जातो, खाऊ आणतो. मी म्हागं बघितलं न्हाई."

तोंडात घास, आणि मागच्या दारानं गेलेली आई. मला वाटलं, हेच. त्या रात्री मी जेवलो, नीट जेवलो. चार दिवसांनी गोळा परत आला.

मग मी आक्काला फोन केला. ती त्या ट्रकमध्ये होती, तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "कशाचा घास? झोपला होतास तू. रडत मी होते. मला जायचं नव्हतं, शाळा सुटणार होती. बाईनं मपल्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, आवाज होऊ नये म्हणून. तो खडा मला गिळता येईना आन् थुकता येईना."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. घास आक्काच्या तोंडात होता. गोळा माझ्या घशात. आणि ती हकिकत माझी म्हणून सांगत होती आई, जी त्या रात्री रडली नव्हती, पुढेही कधी रडलेली मी पाहिली नाही. लहानपणच्या म्हणून आपल्याजवळ असलेल्या आठवणी खरोखर लहानपणच्या असतात की पुढे कधीतरी घडवलेल्या, असा प्रश्न फ्रॉइडनं १८९९ सालीच विचारून ठेवला आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नेणीव एकट्या माणसाची असते का? त्याच्या रुग्णांच्या खोलीत एका वेळी एकच माणूस येत असे. आमच्या घरात एका वाकळेखाली पाच जण झोपत. एकानं गिळलेलं दुसऱ्याच्या घशात अडकावं, हे मला अशक्य वाटत नाही.

इथे फ्रॉइडच्याच एका पत्राबद्दल सांगायला हवं. १५ ऑक्टोबर १८९७ चं हे पत्र त्यानं बर्लिनच्या विल्हेल्म फ्लीस या मित्राला लिहिलं. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, तो स्वतःच स्वतःचं मन तपासत होता. हे पत्र प्रसिद्ध आहे ते इडिपसमुळे. मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर वाटतो, हे आपल्याला स्वतःमध्ये सापडलं आणि सोफोक्लिसचं नाटक माणसाला का धरून ठेवतं ते उमगलं, असं त्यात आहे. पुढे १९०० हे साल छापलेल्या स्वप्नांवरच्या पुस्तकात हे आलं आणि जगभर पसरलं. पण त्याच पत्रात, त्याच्या आधी, दुसरी एक आठवण आहे. फ्रॉइडला लहानपणी सांभाळणारी एक म्हातारी दाई होती. ती चोरी करताना सापडली म्हणून एकाएकी नाहीशी झाली. त्याला आठवत होतं ते एवढंच, की आई कुठं दिसत नाही म्हणून तो आकांतानं रडतोय, मोठा सावत्रभाऊ एक कपाट उघडून दाखवतोय, आत आई नाही, तो आणखी रडतोय, आणि मग दारातून आई येतेय. हे सगळं काय ते कळेना म्हणून चाळिशी गाठलेल्या या डॉक्टरनं आपल्या म्हाताऱ्या आईला जाऊन विचारलं, तेव्हा दाईची हकिकत कळली.

म्हणजे त्यानंही आईलाच विचारलं. ते पत्र वाचताना मला वाटत राहिलं की जगानं त्यातला राजपुत्र उचलला आणि कपाटासमोर रडणारं मूल तिथंच राहू दिलं. मी त्या मुलापाशी थांबलो. १९२० च्या एका पुस्तकात फ्रॉइड त्याच्याकडे पुन्हा आला, असं मला वाटतं. त्याचा दीड वर्षांचा नातू दोरी बांधलेलं लाकडी रीळ पाळण्याच्या पडद्याआड फेकायचा, 'गेलं' म्हणायचा आणि दोरी ओढून परत आणायचा. आई गेली, आई आली. मी धांडाच्या गाड्या करायचो, त्यात काड्यांचा ऊस भरायचो आणि कणगीच्या मागे अंधारात ढकलून द्यायचो. माझ्या गाड्यांना दोरी नव्हती. त्या गेल्या की गेल्या. रोज सकाळी मात्र त्या उंबऱ्यापाशी रांगेनं, घराकडे तोंड करून उभ्या असायच्या. आजी झाडताना काढून ठेवायची. त्यावर ती कधी एक अक्षर बोलली नाही.

आणि सटवाईची गोष्ट तिनंच सांगितली होती. इरावती कर्व्यांनी १९५० साली लंडनच्या 'मॅन' या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात इडिपसच्या कथेचं मराठी रूप प्रसिद्ध केलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी आजीची गोष्ट वहीत लिहून काढली. ती अशी.

सटवाईला एक लेक होती. सटवाई रोज रात्री लेकीला घरात ठेवून बाहेर जायची. लेकीनं विचारलं, रोज कुठं जातीस? ती म्हणाली, लेकरांच्या कपाळी लिवायला. लेक म्हणाली, मपल्या कपाळी काय लिव्हलंस? सटवाई सांगेना. लेकीनं हट्ट धरला, अन्न सोडलं. तेव्हा सांगितलं, तू तुपल्याच लेकाची बायकू हुशील. लेक घर सोडून रानात गेली. पुरुषाचं तोंड बघायचं नाही म्हणून झाडपाला खाऊन राहिली. एक दिवस वरच्या अंगाला एका राजानं ओढ्यात चूळ भरली, ते पाणी ही खाली प्यायली, आणि दिवस गेले. लेकरू झालं. तिनं लुगड्याचा पदर फाडला, त्यात लेकरू गुंडाळलं आणि दूर टाकून दिलं. माळ्या-माळणीला ते सापडलं. मोठा झाला, शिकारीला रानात आला, हिला बघितली, लगीन करून घरी आणली. लेक मनात म्हणाली, मपलं लेकरू तर कधीच मेलं, आता भेव कशाचं? एक दिवस सासूची पेटी आवरताना तळाशी तिला फडकं सापडलं. हे काय? सासू म्हणाली, ह्यात गुंडाळून आलं होतं तुपलं मालक.

"मग?" मी विचारायचो.

"मग काय. तिनं फडक्याची घडी घातली, पेटीत ठिवली, आन् सैपाकाला लागली."

"त्याला कळलं का?"

"त्याला कशानं कळंल?"

लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी अशीच एक गोष्ट कन्नडमध्ये ऐकली. त्यातली बाई तान्ह्याला अंगाई म्हणून गळफास घेते. त्यांनी एक मोलाची गोष्ट दाखवून दिली: ग्रीक नाटक मुलाच्या बाजूनं बोलतं, आपल्याकडची ही कथा आईच्या बाजूनं. हे मला पटतं. पण चकलांब्यात वाढलेल्या माणसाला त्यात आणखी काही ऐकू येतं. सटवाई स्वतः रोज रात्री लेकरू घरी ठेवून कामाला जाणारी बाई आहे. तिची लेकही पोटचं टाकते, तेही पाप म्हणून नव्हे, कपाळी लिहिलंय त्यातून सुटावं म्हणून. आणि शेवटी आई मुलाला ओळखते, मुलगा आईला ओळखत नाही. खूण म्हणून उरतो तो लुगड्याचा तुकडा. ज्या गावातल्या बाया सहा महिन्यांनी परत येतात आणि पोरं त्यांना बघून लपतात, त्या गावात म्हाताऱ्या ही गोष्ट सांगतात. मला तीत भोगाची वासना ऐकू येत नाही. ओळख नाकारली जाण्याची भीती ऐकू येते. मी ज्या वाकळेवर झोपायचो ती आईच्या जुन्या लुगड्यांची होती. जाताना ती आठवणीनं माझ्या अंथरुणात घालून जायची. हे आजीनं सांगितलं होतं, मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. लिहिलेलं असतं का, आणि असलं तर माणसाच्या हातात काय राहतं?

देवी येऊन लिहिते, असं मी मानत नाही. तरी माझ्या मुलीच्या पाचवीला मीच कोरा कागद ठेवला. फ्रॉइडनं १९२७ साली धर्माला भ्रम म्हटलं. असहाय लेकराला राखणारा बाप हवा असतो, मोठं झाल्यावर तो त्याला आभाळात ठेवतो, असं त्याचं म्हणणं. आमची सटवाई राखत नाही. तिची भीतीच वाटते, तिला लवकर घालवायचीच घाई असते. तिच्यात सांत्वन नाही, एक निरीक्षण आहे: तुला भाषा यायच्या आधी, तुला आठवण राहायच्या आधी, तुझ्याबद्दल काहीतरी लिहिलं गेलं आहे आणि ते तुला वाचता येणार नाही अशा जागी आहे. इथपर्यंत आजी आणि फ्रॉइड एका पायवाटेवर आहेत. पुढे वाट फुटते. आजी म्हणायची, लिहिलेलं पुसत नसतं, भोगून संपवायचं. फ्रॉइडनं १९१४ मध्ये लिहिलं की माणसाला जे आठवत नाही ते तो पुन्हा पुन्हा करून दाखवतो; आठवलं तर कदाचित करायचं थांबेल.

मला आजीचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. लिहिलेलं होतं, या एका शब्दावर माझ्या आईनं वीस हंगाम काढले. तो शब्द काढून घेतला असता तर ती रात्र तिच्या एकटीच्या माथी आली असती. पण याच शब्दाचा मला राग आहे. आमच्या कपाळावर एकटी सटवाई लिहीत नव्हती. मुकादमाची वही होती. तीत उचलीचा आकडा असायचा आणि खाली वडिलांचा अंगठा. ट्रक दसऱ्यानंतर निघायचा तो त्या आकड्यामुळे. हे हस्ताक्षर दैवाचं नव्हे, माणसाचं आहे. ते वाचता येतं, बदलता येतं. आणि हाच राग मला मनोविश्लेषणाचाही थोडा आहे. माझ्या घशातला गोळा आईच्या पदरापर्यंत नेऊन थांबलं तर मुकादमाची वही तशीच बंद राहते. माणसाच्या नेणिवेत आईबाप असतात तसं कर्जही असतं, असं मला म्हणायचं आहे.

आपल्याकडे संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे कर्माचे भाग करतात. प्रारब्ध सुटलेला बाण; तो परत येत नाही. क्रियमाण हातात असतं. मी प्रारब्धाचं क्रियमाण कसं करत होतो ते मला मुलीनं दाखवलं. तिला पुण्याला वसतिगृहात सोडायला गेलो होतो. ती कार्यालयात फॉर्म भरत होती, रांग मोठी होती. मी ट्रंक खोलीत ठेवली, पाण्याची बाटली भरून ठेवली आणि निघून आलो. बसमध्ये बसल्यावर तिला फोन करून कळवलं. सुट्टीत घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कधीच 'येतो' म्हणून निघत नाही. लग्नातूनसुद्धा जेवण झालं की दिसेनासे होता." मराठीत निघताना 'जातो' म्हणत नाहीत. घरातून पाऊल बाहेर टाकताना 'येतो' म्हणायचं, हे मी पाचवीच्या मुलांना वाक्प्रयोग म्हणून शिकवलं आहे. आणि मी स्वतः आयुष्यभर मागच्या दारानं निघत आलो. माझ्या चार वर्षांच्या वयात जे माझ्याशी झालं ते मी माझ्या लेकीला करत होतो, तिच्या भल्यासाठी, ती रडू नये म्हणून. आईनं दिलेलं कारणही असंच होतं.

आता मी 'येतो' म्हणतो. म्हणताना घसा दुखतो, पण म्हणतो. गोळा दसऱ्याला अजून येतो, चार-पाच दिवस राहतो. आक्काला त्या दिवसांत मी फोन करतो. ती विचारते, आलाय का? मी म्हणतो, आलाय. ती म्हणते, मपल्यालाबी आलाय. इतकी वर्षं तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

गेल्या दसऱ्यानंतर आईजवळ बसलो होतो. रस्त्यानं ट्रॅक्टर चालले होते, वर बोचकी, कोंबड्या, पोरं. ती एकेका बाईला नावानं हाक मारून विचारत होती, कुठल्या कारखान्याला. शेवटचा ट्रॅक्टर गेल्यावर मी तिला विचारलं, आजीच्या दहाव्याला नदीवर तू काय बोलली होतीस?

तिनं आधी ऐकलं नाहीसं केलं. मग म्हणाली, "म्हणले, लेकरू तुमचंच हाय. आई म्हणतंय तुम्हाला, म्हणू द्या. मपल्या मनात काही न्हाई."

"आणि मग कावळा शिवला."

"त्यानं शिवला का कशानं, मला काय ठाऊक," आई म्हणाली. "सगळेच काही ना काही बोलत होते."